सुतारकामाची पहिली हत्यारं : 3000 रुपयांत काय काय बसवावं?

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतो, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरचं काम करतो. लाकडाला आजवर कुऱ्हाडीशिवाय काही लावलेलं नाही.

झालं असं की मागच्या तान्ह्या पोळ्याला मुलीसाठी बाजारातून लाकडाचा नंदी आणला. देवळापर्यंत जाईस्तोवर एक चाक निघालं, परत येताना दुसरं. पोट्टीनं तीन पायांच्या कुत्र्यासारखा तो ओढत आणला आणि घरी येऊन जे रडली, ते पुरणपोळी खाईपर्यंत थांबली नाही. तेव्हाच ठरवलं, पुढचा नंदी आपल्या हातचा. जमलंच तर एक पाट आणि स्वयंपाकघरात डब्यांसाठी दोन फळ्यांचं मांडणं.

गावातला वाढई पुण्याला फर्निचरच्या कामावर गेला, त्यामुळं विचारायला कोणी नाही. घरात पकड, मोजायचा टेप आणि दांडा हलणारी हातोडी आहे. आज्याची मोडकी बंडी (बैलगाडी) गोठ्यात पडली आहे, तिच्या बाभळीच्या फळ्या निघतील. बजेट 3000, त्याच्या वर गेलो तर घरात वेगळा पोळा फुटेल. ऑनलाइन 61 नगांचा सेट 1899 ला दिसतो आहे. घेऊ का? मशीन लागेलच का? पोळ्याला अजून चार महिने आहेत.

संत्राबर्फी
61 नगांमध्ये 40 तर पेचकसाची टोकं असतात. राहू द्या.

चारसूत
मी वडसा भागातला. बापजाद्यांचा धंदा वाढईचा, माहे हात अजून चालतात. भाऊ, सेट घेऊ नका. एक करवत, दोन पटाश्या (लाकूड कोराच्या), एक गुण्या (काटकोन पाहाचा), एक रंधा (लाकूड तासून सपाट कराचा), एक धारेचा दगड. झालं. ह्याच्यात नंदीबी होते, पाटबी होते, दरवाजाबी होते.

पटाशी घेताना दुकानात मिलिमीटर सांगू नका, सूत सांगा. आठ सूत म्हणजे एक इंच. तुमाले चार सुताची एक आन आठ सुताची एक पायजे. आणखी नाई घेतल्या तरी चालते. मी पयले तीन वर्सं दोनच पटाश्यांवर काढले.

आन पयले दगड घ्या. पटाशी नंतर घेतली तरी चालते. नवी पटाशी दुकानातून धार लावून येत नसते. बिनधारीची पटाशी घेऊन बसले तर तुमी म्हनान लाकूड खराब हाये, लाकूड म्हनन मानूस खराब हाये.

सातपुडा_एक्सप्रेस
मी अचलपूरचा, सध्या पुण्यात. बुवांचा आदर ठेवून सांगतो, आजच्या काळात हातानं भोकं पाडत कोण बसतं? साधं ड्रिल मशीन पंधराशे-अठराशेत येतं. नंदीच्या चाकांना भोक, पायांना भोक, मांडणीला भिंतीत भोक, सगळं त्यातच. उरलेल्या हजारात करवत आणि हातोडी बसवा. पटाशी वगैरे नंतर.

निंबाची_सावली
@सातपुडा_एक्सप्रेस, पुण्यातून सल्ला द्यायला काय जातं. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये सात वाजता सगळे कूलर सुरू झाले की पंख्याची पाती मोजता येतात. त्या वेळी मशीन लाकडात घुसत नाही, नुसतं गरम होऊन वास सोडतं. आणि नोकरीवाल्या माणसाला लाकूडकामाला वेळ मिळतो तोच.

सातपुडा_एक्सप्रेस
हो, व्होल्टेजचा मुद्दा मान्य. रविवारी सकाळी करा की मग!

संत्राबर्फी
रविवारी सकाळी मेंटेनन्स असतो.

मोहफूल
साकोलीहून. घरचे शिवणकाम करतात आणि मी लाकूडकाम. (सासूबाई म्हणतात, दोन्ही उलटं झालं.) लाकडी डबे, पोळपाट, मुलांची खेळणी असं सहा वर्षं चालू आहे.

वरच्या सगळ्यांनी कापायचं सांगितलं, पण पऱ्हाटीभाऊ, कापताना लाकूड धरणार कशात? पहिल्या वर्षी मी खुर्चीवर फळी ठेवून पायानं दाबून कापत होते. रेघ एकीकडं आणि करवत एकीकडं. मला वाटायचं हातच वाईट आहे. मग चार इंची दोन सी क्लॅम्प (लाकूड ओट्याला आवळून धरणारे लोखंडी शिकंजे) आणले आणि त्याच हातानं सरळ कापलं जायला लागलं. तेव्हा 3000 मध्ये दोन क्लॅम्प धराच.

दुसरी गोष्ट फुकटात होते. हातभर फळीचा तुकडा घ्या. एका टोकाला वरून आडवी पट्टी ठोका, दुसऱ्या टोकाला खालून. खालची पट्टी ओट्याच्या किंवा बाजेच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून डाव्या हातानं दाबायचं आणि कापायचं. करवत पुढं ढकलली की लाकूड आपोआप पट्टीवर दाबलं जातं. छोट्या तुकड्यांना याच्याइतकं सोयीचं काही नाही.

आणि नंदीबद्दल: नंदीची पाठ, वशिंड, मान, सगळं गोलाईचं. रुंद पात्याची करवत वळत नाही. त्याला कमानीत ताणलेलं बारीक पातं असतं ती कोपिंग सॉ लागते. अडीचशेच्या आसपास मिळते. पाती मोडतात, चार जास्तीची घ्या.

वर्धेकर
मोहफूलताईंशी सहमत. यात रंध्याबद्दल थोडं जोडतो. नवा लोखंडी रंधा स्वस्तातला घेऊ नका. त्याचं तोंड घासून सपाट करण्यात नवशिक्याचा महिना जातो, आणि चांगला घ्यायचा तर अर्धं बजेट गेलं. गावातल्या जुन्या वाढयांच्या घरी माळ्यावर लाकडी रंधे पडलेले असतात. विचारा.

आमच्या शाळेत आठवड्याला एक तास सुतारकामाचा होता. 1937 साली वर्ध्यातच गांधीजींच्या नई तालीमची परिषद झाली होती, हातकामातून शिक्षण वगैरे, त्याचं काहीतरी आमच्या शाळेपर्यंत झिरपलं असावं. गुरुजींनी पहिला दीड महिना आम्हाला एकच काम दिलं. फळीच्या टोकाला सुता-सुतावर रेघा मारायच्या आणि प्रत्येक रेघेच्या शेजारून कापायचं. रेघ अर्धी उरली पाहिजे. तेव्हा गुरुजींना खूप शिव्या दिल्या, मनात. आज चाळीस वर्षांनी करवत हातात घेतली की तीच फळी आठवते.

दमनीवाला
नई तालीम, गांधी, सगळं ठीक, पण माणसाला नंदी करायचा आहे. सरकारी योजनेतून हत्यारं मिळतात ना? पीएम विश्वकर्मा. 15,000 ची पेटी. ती घ्या, 3000 कशाला घालता.

निंबाची_सावली
ती योजना छंदवाल्यांसाठी नाही हो. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, 18 पारंपरिक व्यवसायांसाठी. हातानं तो धंदा करून पोट भरणाऱ्यालाच मिळते, तीही घरात एकालाच, आणि सरकारी नोकरीवाल्यांच्या घरी नाही. आधी पडताळणी, मग पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे 500, आणि हत्यारांसाठी 15,000 पर्यंतचं ई-व्हाउचर. पऱ्हाटीभाऊंनी अर्ज केला तर पडताळणीला त्यांच्याच ग्रामपंचायतीत कागद येईल.

पऱ्हाटी
आणि तो कागद मीच कॉम्प्युटरवर चढवीन. नको बाप्पा.

एक विचारायचं राहिलं. शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) सागाची दोन झाडं आहेत. बंडीच्या बाभळीपेक्षा सागवान बरं नाही का?

वर्धेकर
थांबा! धुऱ्यावरचा असला तरी साग परवानगीशिवाय तोडता येत नाही. 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, बिजा, तिवस, ऐन असं बरंच काही आहे. तोडलं तरी वाहून न्यायला पास वेगळा. एका नंदीसाठी एवढं कशाला?

संत्राबर्फी
अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, ते थाटामाटात मिरवत. तुमचं सागवान पोलिसांच्या गाडीतून मिरवत जाईल.

चारसूत
सागवान नको आन बाभूयबी नको. बंडीची बाभूय पन्नास वर्सं उन्हापाण्यात वायलेली हाये, दगड झाला तिचा. तिच्यात खिळाबी वाकते. नवा मानूस तिच्यावर करवत घासन, दात जाईल आन म्हनन करवत खराब. ते फळ्या ठेवा, पुढं हात बसला का पाटाले वापरा. पन कापायच्या आधी लोहचुंबक फिरवा. बंडीत कुठं लोखंड गेलं हाये हे आज्यालेच माहीत.

नंदीले शिवण झाडाचं लाकूड पाहा. हलकं असते, धारेले मऊ, वाकडंतिकडं होत नाई. खेळणी त्याचीच करतात. नाई भेटलं तं कडुलिंबाची वाळलेली फळी. दुकानाच्या मागं खोक्याचं पांढरं लाकूड पडते तेबी शिकाले चालते.

धूळमाती
चारसूतबुवा, करवतीबद्दल बोला की. नव्या करवतीचे दात काळपट-निळे असतात, त्या चांगल्या का?

चारसूत
त्या दाताले कानस लागत नाई. कडक केलेले असतात. चालते बरेच दिवस, पन बोथट झाली का फेकाची. मी साध्या दाताची घेतो, तिकोनी कानसीनं स्वतः घासतो. एक दात डावीकडं, एक उजवीकडं थोडा वाकवाचा, म्हंजे पातं लाकडात दाबत नाई.

सातपुडा_एक्सप्रेस
बुवा, नवशिक्याला दात घासायला लावाल तर तो करवतीचा कंगवा करेल. पहिली करवत कडक दातांचीच घ्यावी. दोन वर्षं धारेची चिंता नाही. तोवर पटाशीची धार शिकून होते, मग करवतीचं बघू. इथं तरी माझं ऐका.

चारसूत
हे बराबर बोलला पोट्टा.

मोहफूल
🙂 धाग्यात पहिल्यांदा!

दमनीवाला
धारेचं कोणी नीट समजावून सांगा. दगड घ्या, दगड घ्या चाललंय सकाळपासून. घेतला. आता?

चारसूत
दोन बाजूंचा घ्या, एक खरखरीत, एक बारीक. पाणी वापराचं का तेल ते पयल्या दिवशी ठरवा. तेल पेलेल्या दगडावर मंग पाणी थांबत नाई.

पयले पटाशीची पाठ. धारेजवळची बोटभर जागा दगडावर सपाट घासा, आरशावानी होईस्तोवर. मंग उताराची बाजू. उतार किती, तं पात्याची जेवढी जाडी तेच्या दुप्पट लांब. माह्या बापानं एवढंच सांगतलं होतं. मांगं-पुढं घासताना मनगट हलू द्याचं नाई, कमरेतून हलाचं. घासता घासता पाठीकडून बोट फिरवून पाहा. बारीक खरखर लागली म्हंजे धारेचा काठ पल्याड वळला. तवा बारीक दगडावर दोन्हीकडून हलक्या हातानं घासून तो काठ पाडा. मनगटावरचे केस निंगाले पायजे.

सातपुडा_एक्सप्रेस
कागदावर आकृती काढून पाहिलं. उताराची लांबी जाडीच्या दुप्पट म्हणजे बरोबर 30 अंश. पटाशीचा कोन पुस्तकात 25 ते 30 देतात. मी चौदाशेचा कोन धरायचा जिग आणला होता हो! बुवांच्या वडिलांना साष्टांग.

मोहफूल
दगडही परवडत नसेल त्यांच्यासाठी: जाड काचेचा तुकडा, त्यावर पाण्यानं चिकटवलेला वॉटर पेपर (घासायचा कागद). आधी 220 नंबरचा, मग 400, मग 1000, म्हणजे बारीक होत जाणारा. जुन्या पटाशीची पाठ सपाट करायला मला तर दगडापेक्षा हेच बरं वाटतं. आमच्या आठवडी बाजारात भंगारवाल्याकडं 60 रुपयांत गंजकी पटाशी मिळाली होती, एक रविवार गेला, पण आज सगळ्यात जास्त तीच हातात असते. घेताना एवढंच बघा की पाठीला धारेजवळ गंजाचे खड्डे नाहीत. खड्डा धारेपर्यंत आला की धार तिथं कायम तुटलेली.

धूळमाती
धारेवरून माझी एक गोष्ट. माझ्याकडं पटाशी होती, दगड नव्हता. दाराच्या चौकटीत कडी बसवायला खाच करत होतो. पटाशी चालेना म्हणून जोर लावला, ती घसरली आणि समोरून लाकूड धरलेल्या डाव्या तळहातात. पाच टाके. डॉक्टरांनी विचारलं काय लागलं, म्हटलं पटाशी. म्हणाले, एवढी धारदार? म्हटलं, नाही हो, बोथट होती म्हणूनच.

दोन्ही हात धारेच्या मागं. लाकूड क्लॅम्पमध्ये. मोहफूलताईंचं आधी वाचलं असतं तर!

वर्धेकर
गुण्या दुकानातच तपासून घ्या. सरळ कडेच्या फळीला टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ. दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फटीत दिसते ती चूक दुप्पट झालेली असते, म्हणून छोटीही लपत नाही. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

पऱ्हाटी
मंडळी, शनिवारी यवतमाळला जाऊन आलो. हिशेब मांडतो, कारण घरीही हाच मांडला आहे.

18 इंची करवत (निळ्या दातांची) 340. पटाशी चार सूत आणि आठ सूत मिळून 370. दोन बाजूंचा दगड 220. गुण्या 180. चार इंची दोन क्लॅम्प 380. कोपिंग सॉ आणि जास्तीची पाती 310. लाकडाची खरखरीत कानस 230. वॉटर पेपर सहा, 120. फेविकॉल 140. गावातल्या वाढयाच्या आईकडून माळ्यावरचा लाकडी रंधा 400 ला. एकूण 2690. उरले 310, त्यातून एसटी आणि दोन चहा. पोळा फुटला नाही.

गुण्याचं सांगतो. दुकानदार म्हणाला कंपनीचा माल आहे, तपासायचं काय. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर रेघा मारल्या. पहिला खोटा, दुसरा खोटा, तिसरा खरा निघाला. दुकानदारानं गल्ल्याजवळ टांगलेला स्वतःचा गुण्या काढला आणि तोही तपासला. काही बोलला नाही, पण परत खिळ्याला टांगलाही नाही.

रंधा देताना म्हातारी म्हणाली, लेकाचा हात लागला होता, आता तुहा लागू दे. पैसे घेत नव्हती, बळंच दिले. ड्रिल घेतलं नाही. चाकांच्या भोकांपुरतं मोटार दुरुस्तीवाल्या मित्राचं आणणार आहे.

सातपुडा_एक्सप्रेस
म्हणजे शेवटी मशीन लागलंच. 😄

पऱ्हाटी
(दीड महिन्यानं) धागा वर काढतो, अडचण आहे. वर्धेकरांच्या गुरुजींच्या रेघा पंधरा दिवस कापल्या. नंदीचं अंग कडुलिंबाच्या फळीतून कापलं, बरं झालं. चाकांसाठी डोकं चालवलं. म्हटलं गोल कापायचं कशाला, लिंबाची मनगटाएवढी फांदी घ्यावी आणि काकडीसारख्या चकत्या पाडाव्यात. चारही सुंदर दिसत होत्या. आठ दिवसांत चारही मधल्या गाभ्यापासून काठापर्यंत फाटल्या, एकीची तर तोंड उघडलेली मासोळी झाली. ऊन लागू दिलं नव्हतं, घरात ठेवल्या होत्या.

चारसूत
सावलीत काय आन उन्हात काय, मे महिना हाये. ओली फांदी वायताना काठानं जास्त आकसते, गाभ्याकडं कमी. काठाले जागा पुरत नाई म्हून फाटते. चाक वायलेल्या फळीतून कापाचं. दोन फळ्या घ्या, एकीची नस (लाकडाच्या रेषा) उभी, दुसरीची आडवी, फेविकॉलनं जोडा, मंग गोल कापा. ते फाटत नाई.

मोहफूल
कापून झालं की मधल्या भोकात खिळा घालून चाक फिरवत काठाला वॉटर पेपर धरा. खराद (लाकूड फिरवून गोल करायचं यंत्र) नसला तरी बऱ्यापैकी गोल होतं.

शेवटी जवसाचं तेल लावा, मुलांच्या हातात द्यायला मला तेच बरं वाटतं. कच्चं तेल सुकायला बरेच दिवस घेतं, तेव्हा पोळ्याच्या महिनाभर आधी पातळ हात द्या. आणि हे सगळ्यांसाठी: तेल पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना स्वतःच तापतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

दमनीवाला
हे खरं आहे? आमच्याकडं जवसाच्या तेलाची फडकी पेटीत कोंबलेली आहेत.

मोहफूल
आत्ता उठा.

दमनीवाला
उठलो. विहिरीवरच्या टाक्यात टाकली. म्हैस पाणी पीत नाही आता.

पऱ्हाटी
तान्हा पोळा झाला. चाकं चारही शाबूत परत आली, देवळाला दोन फेऱ्या मारून. अंगाला तेल, शिंगांना हिंगूळ. पाठीवर कानशीचे ओरखडे राहिलेत, पोट्टी म्हणते ते केस आहेत.

फक्त डावा कान गेला. गर्दीत दुसऱ्या नंदीशी टक्कर झाली आणि मुळापासून तुटला. ती रडली नाही, कान खिशात घालून घरी आणला आणि म्हणाली, बाबा, फेविकॉल.

चारसूत
कान अंगाच्याच फळीतून कापला असन. नस आडवी आली, तुटनारच. फेविकॉलनं जोडला तरी बाजूनं पुन्हा तुटन. दोन्ही कान वेगळे करा, नस कानाच्या लांबीनं ठेवा, बुडाले छोटं कुसू (भोकात बसाचं टोक) काढा आन डोक्यात भोक पाडून बसवा. चार सुताची पटाशी त्याच्यासाठीच घ्याले लावली होती.